हुश्श, आलो एकदाचे!

प्रश्न : आम्ही चौघं दरवर्षी सुटीत कुठेतरी फिरायला जातो. मलाही आवडतं. पण परत येऊन कुलूप उघडलं, की माझ्या तोंडून ‘हुश्श, आलो एकदाचे!’ निघतंच. हातपाय धुवायचे आणि पलंगावर अंग टाकायचं. तेवढं सुख अख्ख्या सहलीत कशात नसतं. बायको भडकते, ‘मग जायचंच कशाला?’ माझं काही चुकतंय का?

उत्तर : घरी आल्यावर बरं वाटण्यात काय चुकायचंय? नव्या जागी पहिल्या रात्री झोप कच्चीच लागते. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं, की अशा रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध असते, बारीकशा वेगळ्या आवाजाचीही दखल घेते. तीच माणसं पुन्हा त्याच जागी झोपली, तेव्हा हा फरक उरला नाही. आता रोज हॉटेल बदलायच्या सहली आठवून बघा! घरी अंधारातही दिव्याचं बटण बरोबर हाताला लागतं, गरम पाण्याचा नळ कोणता हे आठवावं लागत नाही. हा पहारा उतरतो, तेव्हा ‘हुश्श’ निघणारच.

‘मग जायचंच कशाला’ हा प्रश्नही अगदीच रागातला नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच पाहणीत सुटीवर जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त खूश आढळली ती जाण्याआधी. परतल्यावर जास्त खूश होती ती फक्त अतिशय निवांत सुटी घालवलेली माणसं. म्हणजे बेत आखण्यातच निम्मी मजा. अर्थात, बेत आखणं आणि चौघांचे कपडे मोजून बॅगेत कोंबणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्याकडे कुठलं असतं?

खरं तर तुमच्या पत्रात मी अडखळले ती पलंगापाशी. तुम्ही आडवे होता, ठीक. मग बॅगा कोण उघडतं? प्लॅस्टिकच्या पिशवीत आंबलेला ओला टॉवेल कोण बाहेर काढतं, मोज्यांतली वाळू कोण झटकतं? त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. तुमची सुटी पलंगावर आणखी तासभर चालते, तुमच्या बायकोची बहुधा कुलपापाशीच संपते. ‘हुश्श’ टोचतं ते यामुळे, असा माझा अंदाज. खरं काय ते त्यांनाच विचारा. फक्त विचारताना उभे राहा आणि हातात एखादी बॅग असू द्या.

पुढच्या वेळी रजा संपायच्या एक दिवस आधीच परत या. शेवटचं एखादं ठिकाण राहिलं तर राहू दे. तो दिवस घरात काढा. मशीन तुम्ही लावा, मुलं आपापली बॅग रिकामी करतील. लहान असली तरी मळके कपडे टोपलीत टाकता येतातच.

प्रश्न : सुटीहून परतलं की बाथरूममधून घाण वास येतो. जाताना सगळं घासूनपुसून गेलेलो असतो. मग असं का?

उत्तर : घासण्याचा संबंध नाही. मोरीच्या जाळीखालच्या पाइपच्या वळणात नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं आणि तेच गटारातला वायू वर येऊ देत नाही. बरेच दिवस पाणी पडलं नाही, की ते आटतं. आल्या आल्या प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओता, खिडक्या उघडा. वास तरीही राहिला, तर प्लंबरला दाखवा. नळांचं साचलेलं पाणीही वापरण्याआधी थोडं वाहू द्या. जाताना जाळीवर घट्ट बसेल असं झाकण ठेवलंत, तर वळणातलं पाणी लवकर आटत नाही.