गोळी हृदयाची, तक्रार पोटाची

हृदयाची गोळी सुरू झाली आणि पोट साफ होईना, ही तक्रार घेऊन समुपदेशकाकडे सहसा कुणी येत नाही. लोक येतात झोप उडाली म्हणून, चिडचिड वाढली म्हणून, "बाबा कुणाशी बोलतच नाहीत" म्हणून. थोडं बोलणं झालं की आवाज खाली जातो आणि मग पोटाचा विषय निघतो. कोल्हापुरात, राजारामपुरीत बसून हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता साठीपुढच्या प्रत्येकाला पहिल्या भेटीत औषधांची पिशवी सोबत आणायला सांगते.

अण्णांना त्यांची सून घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आयुष्य गुळाच्या अडतीवर गेलेलं, तरुणपणी तालमीत घुमलेले, वय सत्तरीकडे झुकलेलं. मध्येच छाती एकदम वेगानं धडधडायची, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी वेरापमिल सुरू केलं होतं. धडधड थांबली, पण अण्णा घरात गप्प झाले.

"मॅडम, माझं शरीर फितूर झालंय," ते म्हणाले.

"कशावरून म्हणता?"

"रोज पाचला उठायचं, पोट साफ, मग रंकाळ्याला फेरी. जन्मभर ह्यात बदल न्हाई. आता तीन-तीन दिवस काय होत न्हाई. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं नि शेवटी क्यान्सर निघाला."

"मग गोळीचं काय केलंत?"

सून खाली बघू लागली. अण्णा म्हणाले, "आठ दिस घेतली न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई. नवव्या रात्री छाती अशी धडधडली की दवाखान्यात न्यावं लागलं."

औषध ठरवणं माझं काम नाही आणि पोटाची भीती नुसत्या बोलण्यानं घालवणं तर धोक्याचंच. म्हणून आधी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं, बंद केलेल्या गोळ्यांची कबुली द्यायला लावली आणि पोटाची तपासणी झाली. तपासणीत काळजीचं काही निघालं नाही. पुढच्या भेटीला अण्णा आले ते तसेच उदास. "डॉक्टर म्हणाले, गोळीमुळं हाय. पण हार्टची गोळी पोटात काय करती? काय तरी लपवत्यात."

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते. घटना छळते त्याहून जास्त आपण तिचा लावलेला अर्थ छळतो, हा तिचा गाभा. अण्णांना छळत होता तो बद्धकोष्ठ नव्हता, 'शरीर फितूर झालं' हा अर्थ होता. तो नुसत्या दिलाशानं सुटत नाही. त्याच्या जागी खरा अर्थ ठेवावा लागतो, आणि त्यासाठी आधी मला तो नीट कळायला हवा. औषधशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडून मी तो समजून घेतला.

मोबाईलवर मी अण्णांना एका प्रयोगाचं चित्रण दाखवलं. सशाच्या आतड्याचा छोटा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगलेला, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. शरीरापासून वेगळा होऊनही तो आपोआप आखडत होता, सैल होत होता.

"हे जित्तं हाय?" अण्णा पुढं सरकले.

मग द्रावणात वेरापमिल पडलं आणि हालचाल बारीक होत होत जवळजवळ थांबली.

मी सांगितलं, "स्नायू आखडायला कॅल्शियम लागतं. पेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात, त्यातून ते आत येतं. तुमची गोळी ती दारं अडवते. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक गाठ आहे, तिथं दारं अडली की विजेचा संदेश सावकाश जातो आणि धडधड आवरते. आतड्याच्या स्नायूलाही तसलीच दारं आहेत. ती अडली की अन्न पुढं ढकलायचा जोर कमी पडतो."

अण्णा बराच वेळ गप्प. मग त्यांनी स्वतःचा दंड दाबून पाहिला.

"मग माझं दंड का ढिलं पडलं न्हाईत? हातात जोर हाय की अजून!"

इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर सुदैवानं माझ्याजवळ होतं. हातापायांच्या स्नायूंना आखडण्यासाठी लागणारं कॅल्शियम त्यांच्या पेशीतल्याच साठ्यातून मिळतं, बाहेरच्यावर ते अडून राहत नाहीत. आतड्याला मात्र ते बरंचसं बाहेरून यावं लागतं.

"म्हंजे शरीर फितूर न्हाई," अण्णा हळूच म्हणाले. "गोळी कामाला लागलीया, तिला हार्ट कुठलं नि आतडं कुठलं कळत न्हाई, येवढंच."

हे वाक्य मी उच्चारलं असतं तर ते आणखी एक आश्वासन ठरलं असतं. त्यांच्या तोंडून आलं म्हणून ते टिकलं. माहिती माणसाला तेव्हाच धीर देते, जेव्हा तो तिला स्वतःचा प्रश्न विचारून तपासतो. माझ्या कामाचं मर्म मला इथं दिसतं आणि त्या दिवसाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

'पाचला पोट साफ झालं तरच दिवस चांगला' हा नियमही मग त्यांनीच सैल केला. डॉक्टरांनी दोन वाटा समोर ठेवल्या: गोळी बदलायची, किंवा हीच ठेवून पोटाची सोय करायची. अण्णांनी दुसरी निवडली.

हाच त्रास असलेल्यांनी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. वेरापमिलच्या चाचण्यांमध्ये शंभरात साधारण सात जणांना बद्धकोष्ठाचा त्रास झाला होता, म्हणजे तुम्ही एकटे नाही. त्याच कुळातल्या अम्लोडिपिननं पोट तेवढं धरत नाही, तिथं पायाच्या घोट्याला सूज येऊ शकते. गोळी मनानं बंद करू नका. नाश्ता झाला की आतडं आपोआप हालचाल करतं, तेव्हा त्यानंतर निवांत बसा आणि कुंथू नका, कुंथल्यानं रक्तदाब वरखाली होतो. इसबगोल घेणार असाल तर भरपूर पाण्यासोबतच. हृदय अशक्त असल्यानं पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही पोट धरतं, त्यांचंही नाव सांगा. 'कॅल्शियम अडवते' हे ऐकून अण्णांनी गंगावेशीतलं दूध सोडायचं ठरवलं होतं. तशी गरज नाही. ही गोळी पेशीची दारं अडवते, हाडांतलं कॅल्शियम काढून घेत नाही.

शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, उलट्या, किंवा पोट फुगून वाराही न सरणं, यांतलं काहीही असेल तर गोळीला दोष देत घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि डॉक्टरांसमोर बोलायचा संकोच वाटत असेल तर चिठ्ठी लिहून न्या: गोळीचं नाव, ती कधी सुरू झाली, पोटाची तक्रार कधीपासून, आणि मध्ये किती दिवस गोळी घेतली नाही. घरच्यांपासून लपवलेली असते ती बहुधा ही शेवटची गोष्ट. ती सगळ्यांत वर लिहा.