मांजर, हत्ती, म्हैस ही नावं कुठून आली?

तिन्ही संस्कृतातून, प्राकृतामार्गे आली. मला सर्वांत आवडतं ते मांजर. मूळ शब्द 'मार्जार', प्राकृतात 'मज्जार'. धातू 'मृज्', म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. 'संमार्जन' (झाडलोट) हा शब्दही त्यातलाच. दूध पिऊन झालं की मांजर पंजा चाटून चाटून कानामागून तोंडावर फिरवत बसतं, ते एकदा नीट बघा. नाव ठेवणाऱ्यानं किती बारकाईनं पाहिलं असेल!

हत्ती म्हणजे 'हस्तिन्', हात असलेला. सोंड हाच त्याचा हात. म्हैस 'महिषी'वरून आली, आणि संस्कृतात पट्टराणीलाही 'महिषी'च म्हणतात, कारण 'महिष'चा जुना अर्थ थोर, बलवान. आपण मात्र 'म्हैस' शिवीसारखं वापरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.