वाचकांचे प्रश्न : दुकानातली निळी पाल

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. येथील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका दुकानात ‘इलेक्ट्रिक ब्लू गेको’ अशी चिठ्ठी लावलेल्या काचपेटीत बोटाएवढ्या चार पाली आहेत. दोन गर्द निळ्या आहेत, दोन हिरवट. पेटीच्या काचेच्या झाकणावर दिवा, तळाशी भुसा आणि पाण्याची वाटी आहे. एकीचे डोळे खोल गेले असून शेपटीला बाक आला आहे. निदान तेवढी तरी विकत घेऊन वाचवावी, असा माझ्या मुलीचा हट्ट आहे. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. मुलीची कळकळ खरी आहे. परंतु दुकानदाराच्या हिशेबात दयेपोटी झालेली विक्री ही विक्रीच असते आणि रिकाम्या जागी पुढची पाल येते.

आपण वर्णन केलेली पाल, लायगोडॅक्टिलस विल्यम्सी, टांझानियातील उलुगुरू पर्वताच्या पायथ्याशी किंबोझा आणि आसपासच्या मोजक्या वनखंडांतच आढळते. आपल्या केवड्याच्या कुळातील पँडनसच्या झाडांवर, लांब पानांच्या बेचक्यांत ती राहते. व्यापारासाठी ती पकडणारे अनेकदा झाडच तोडत असत, त्यामुळे पालींबरोबर त्यांचे घरही नाहीसे होत गेले. 2016 मध्ये जोहान्सबर्ग येथे साइट्स या वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिषदेत तिचा समावेश पहिल्या परिशिष्टात झाला, म्हणजे जंगलातून पकडलेल्या पालींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. ब्रिटनमध्ये ती विकणाऱ्याकडे ‘आर्टिकल 10’ हे विक्रीची परवानगी देणारे सरकारी प्रमाणपत्र असावे लागते. दुकानात जाऊन ते शांतपणे मागून पाहावे. उत्तर देताना दुकानदार किती अडखळतो, यावरूनही बरेच कळते.

आता पेटीविषयी. या पाली पानांवरचे थेंब चाटून पाणी पितात. वाटीतले स्थिर पाणी त्यांना पुष्कळदा दिसतही नाही, त्यामुळे भरलेल्या वाटीशेजारी त्या तहानेने सुकतात. खोल गेलेले डोळे हे बहुधा त्याचेच लक्षण असते. शेपटीच्या बाकाचे कारण त्या दिव्यातच असण्याचा संभव अधिक. ही पाल दिवसा उन्हात वावरणारी आहे आणि कॅल्शियम अंगी लागण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व तिला अतिनील किरणांपासून मिळते. हे किरण साध्या काचेतून जवळजवळ पार होत नाहीत. झाकणाबाहेर ठेवलेला दिवा कितीही महागाचा असला, तरी आत केवळ उजेड आणि ऊब पोहोचते. मग हाडे मऊ होतात, जबडा लुळा पडतो, शेपटी वाकते. शिवाय दिवा लागत असला तरी काही महिन्यांनी त्यातील अतिनील किरण क्षीण होतात, हे किती दुकानदार लक्षात ठेवत असतील, देव जाणे.

त्या दोन हिरवट पालींना दुकानदार माद्या म्हणत असेल, तर चटकन विश्वास ठेवू नये. या जातीत माद्या हिरवट असतात हे खरे. परंतु बलवान नराच्या धाकात राहणारा दुसरा नरही फिका, हिरवट दिसतो. जोडी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाली कधी कधी एकाच पेटीत कोंडलेले दोन वैरी असतात आणि दुबळा नर अन्नापर्यंत पोहोचूच शकत नाही. खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे न खाल्ले जाता रात्रभर पेटीत राहिले तर ते अशा अशक्त पालीचीच कातडी कुरतडतात.

इंग्लंडमध्ये प्राणी विकणाऱ्या दुकानांना 2018 च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलकडून परवाना घ्यावा लागतो. त्या परवाना विभागाकडे लेखी तक्रार करावी. दिवा झाकणाच्या कोणत्या बाजूला आहे, पेटीत किती पाली आहेत, आजारी पालीची स्थिती काय आहे, हे तारखेसह लिहावे आणि दुकानदाराने मनाई केली नसेल तर छायाचित्र जोडावे. जनावर उघड तडफडत असेल, तर आरएसपीसीए या प्राणीकल्याण संस्थेला त्याच दिवशी कळवावे.

भारतातील वाचकांसाठी इतकेच, की साइट्सच्या परिशिष्टांतील विदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. विक्रेत्याची पावती त्यासाठी पुरत नाही.

मुलीला पाल पाळायचीच असेल, तर पिंजऱ्यात पैदास झालेला लेपर्ड गेको (अंगावर ठिपके असलेली एक पाल) पाहावा, मात्र तो चांगल्या निगराणीत 15 ते 20 वर्षे जगू शकतो, हे तिला आधी सांगावे.