मारवा ऐकताना रडू येतं, ऐकणं थांबवू का?

ताई, वडील जाऊन वर्ष होत आलं. संध्याकाळी मी उस्ताद अमीर खाँसाहेबांनी गायलेला मारवा राग लावते. डोळे भरून येतात, पण नंतर मोकळं वाटतं. नवरा म्हणतो, ‘दुःख उकरून काढतेस, काहीतरी आनंदी ऐक.’ मला दुःखाची चटक तर लागली नाही ना?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

नाही, ही चटक नाही. नंतर मोकळं वाटतं असं तुम्हीच लिहिलंय. दुःख उकरत बसणाऱ्याचा जीव उलट जास्तच गुदमरतो.

आणि राग तरी कोणता निवडलात! मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर, नाहीच. कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) यांच्यापाशी गाणं रेंगाळतं आणि ज्या षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, विसावा मिळायचा, तोच गायक टाळत राहतो. घर समोर दिसावं आणि पाऊल आत पडू नये, तशी ती हुरहुर. वडील गेल्यानंतरच्या संध्याकाळी अशाच असतात. खाँसाहेबांना त्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, लयीत कसलीच घाई नसते. प्रत्येक स्वराचा मान राखत ते पुढे जातात. खूप वेळाने षड्ज लागतो, तेव्हा येणारं रडू एकट्या दुःखाचं नसतं. इतकं सुंदर काही असू शकतं, यानेही माणसाला भरून येतं. भेटायला येणारे सगळे ‘सावर आता’ म्हणतात. मारवा तसं म्हणत नाही, म्हणून त्याच्यापाशी बसवतं.

मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पूरिया गंधार-निषादावर (ग आणि नी) थांबतो आणि शांत, गंभीर होतो. सोहनी तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, खेळते आणि चंचल होते. स्वर न बदलता, केवळ थांबायची जागा बदलून! मला याचं नेहमीच नवल वाटत आलंय. वडिलांच्या आठवणींतही आज मन कदाचित शेवटच्या दिवसांपाशी अडत असेल. पुढे ते त्यांच्या हसण्यापाशी, एखाद्या हट्टापाशी थांबू लागेल. ओढून नेऊ नका, आपसूक जाऊ द्या. अधूनमधून पूरिया ऐका, रात्री उशिरा सोहनी ऐका. मारवा मात्र सोडू नका.

एक विचारते. झोप, जेवण, काम नीट चाललंय ना? गाणं संपल्यावरही तासन्‌तास उठवत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर गाण्यावर विसंबून राहू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना लगेच भेटा.

नवऱ्यावर रागावू नका. त्यांना तुमचे अश्रू दिसतात, नंतरचं मोकळेपण दिसत नाही, म्हणून ते घाबरतात. एकदा त्यांना शेजारी बसवा, सगळा मारवा ऐकवा आणि मग वडिलांविषयी बोला. त्यांना गाणं आवडलं नाही तरी चालेल.

– तुमची ताई