लॅपटॉपच्या कडेची भोकं आणि तळाच्या जाळ्या

प्रश्न : मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला. कडेला सात-आठ भोकं आहेत. कोणतं कशाचं? चुकीच्या जागी पिन घातली तर बिघडेल का?
– एक पालक, चोपडा

उत्तर : भोकांचे आकार वेगळे ठेवलेत ते चुकीची पिन आत जाऊ नये म्हणूनच. बिघाड होतो तो जोर लावल्याने.

चपटं आयताकृती ते यूएसबी. पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर त्यात. आत प्लास्टिकची पट्टी दिसते. पेनड्राइव्ह जात नसेल तर उलटा करून पाहा. पट्टी मोडली की ते भोक कायमचं गेलं. पट्टी निळी असेल तर ते बहुधा यूएसबी ३.०, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत वेग, जुन्या २.० चा ४८० मेगाबिट. हार्डडिस्क निळ्यात लावा. बिनतारी माउससोबत येणारा बोटाच्या पेराएवढा यूएसबी तुकडा मात्र शक्यतो काळ्यात लावा, निळ्याशेजारी कधीकधी माउस अडखळतो.

लंबगोल ते टाइप-सी. प्रत्येक टाइप-सीवर चार्जिंग होतंच असं नाही. शेजारी बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह आहे का ते पाहा. खालचे दोन कोपरे तिरपे असतील तर एचडीएमआय, टीव्हीसाठी. गोल ३.५ मिमीचं हेडफोनचं. एक छोटी खाच साखळी-कुलपाची असते, तिचा विजेशी संबंध नाही. कॅमेऱ्याजवळ टाचणीएवढं छिद्र दिसेल, तो माइक आहे. त्यात टाचणी मुळीच घालू नका.

प्रश्न : घराशेजारी कापसाचं जिनिंग (सरकी काढण्याचा कारखाना) आहे. एप्रिल लागला की लॅपटॉपचा पंखा घरघरतो, तळ चटका देतो.
– एक विद्यार्थी, धरणगाव

उत्तर : बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे हवेची वाट मोकळी हवीच. बहुतेक मॉडेलमध्ये हवा तळाच्या जाळीतून आत येते आणि बिजागरीकडून किंवा कडेने बाहेर पडते. पंखा जोरात असताना पातळ कागदाची पट्टी धरून पाहा : आत घेणाऱ्या जाळीला ती चिकटते, बाहेर टाकणारीपाशी फडफडते. चिकटत नसेल तर जाळी तुंबलेली असू शकते.

रुईचे तंतू पंखा आणि त्याच्यापुढच्या, उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या मधोमध नमद्यासारखे बसतात. बाहेरून ब्लोअर मारला तर ते आणखी आत दाबले जातात, पंखाही उलटा भरकन फिरतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून जाळी मऊ ब्रशने झाडा. तरीही घरघर राहिली तर मागचं झाकण उघडून साफ करून घ्या. जिनिंगजवळ दर वर्षी, हंगाम संपला की.

बाजेवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवू नका. तळाच्या रबरी पायांनी राखलेली फट कापडात बुजते. मागची बाजू लाकडी पट्टीने २-३ सेंमी उचला. कूलरच्या थेट झोतात बसवू नका, त्यात ओल असते.

टचपॅड वर आला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर ते बॅटरी फुगल्याचं लक्षण. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका. दुकानात न्या.

प्रश्न : चार्जर जळाला. दुसऱ्या कंपनीचा चालेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : गोल पिनचा असेल तर जुन्या चार्जरवरची ‘आउटपुट’ची ओळ वाचा, उदा. १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर, गुणाकार सुमारे ६५ वॅट. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. कमी अँपिअरचा तापतो आणि बॅटरी नीट भरत नाही. पिनची जाडी आणि मधली सुईही जुळली पाहिजे, म्हणून लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच दहा मिनिटं लावून पाहा.