घासलेली तार आणि वाया जाऊ घातलेले एक वर्ष

पत्र : माझा यंत्रे भाड्याने देण्याचा व्यवसाय असून माझ्याकडे दोन बॅकहो लोडर (लोक ज्यांना जेसीबी म्हणतात) आहेत. मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेतून ५८ टक्के मिळवून उत्तीर्ण झाला, मात्र सीईटीत ४१ पर्सेंटाइलच पडले. एक वर्ष थांबवून त्याला पुण्याच्या किंवा लातूरच्या क्लासला घालायचे मी ठरवले आहे, पण तो ऐकत नाही. दिवसभर गाड्यांपाशी असतो. मध्यंतरी एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवूनही तक्रार गेली नव्हती, ती त्याने एका दुपारी शोधून काढली, पण अभ्यासात अजिबात लक्ष नाही. चुलत भाऊ संगणक अभियंता झाला आणि हा शेवटी मिस्त्री होणार, याची लाज वाटते. शिवाय आता लॅपटॉप जोडला की बिघाड कळतो, मग त्यात शिकण्यासारखे काय उरले? त्याला कोणता क्लास लावू?
— एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो. कार्यशाळेला गिअरबॉक्स उतरवूनही न सापडलेला दोष आपल्या मुलाने एका दुपारी शोधला, हे आपण लिहिता आणि त्याच वाक्यात, श्वासही न घेता, त्याचे अभ्यासात लक्ष नसल्याची तक्रार करता. त्या दुपारी त्याने नेमके काय केले, हे आपण त्याला विचारले होते का? मी आपण दिलेल्या क्रमांकावर त्याच्याशी बोललो, तेव्हा त्याने सांगितले की घरात आजवर ते कोणीही विचारलेले नाही. त्याच्या ५८ टक्क्यांपेक्षा मला याची काळजी अधिक वाटते.

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी बारा वर्षे अशाच यंत्रांच्या सेवा विभागात काढली आहेत, त्यामुळे त्याने जे सांगितले ते मला नीट तपासता आले, आणि आपल्यालाही ते ठाऊक असावे म्हणून येथे लिहितो. सकाळी गाडी व्यवस्थित चालायची आणि काम सुरू होऊन तासाभराने पुढे जाणे बंद व्हायचे, मागे मात्र ती जायची. ‘गरम झाली की पुढे ओढत नाही’ एवढ्या एका वाक्यावर कार्यशाळेने फॉरवर्ड क्लचच्या, म्हणजे गाडी पुढे नेणाऱ्या क्लचच्या, प्लेटा गेल्याचा निष्कर्ष काढला, गिअरबॉक्स खाली घेतला, प्लेटा आणि सील बदलले आणि एक लाख चाळीस हजारांचे बिल दिले. आठवड्याभरात तक्रार परत आली. आपला मुलगा मग एक दिवस साइटवर नुसता उभा राहून पाहत होता. क्लच घसरतो तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीची ओढ हळूहळू कमी होते. येथे मात्र ओढ एकदम तुटत होती आणि हिसका देऊन एकदम परत येत होती, तीही बहुधा गाडी खाचखळग्यांवर असताना. सकाळी गाडी सपाट यार्डातून निघत असे, म्हणून थंड असताना ती ठीक असते असा सगळ्यांचा समज झाला होता. दोष उष्णतेचा नसून हादऱ्यांचा आहे, हे एवढ्या निरीक्षणावरून त्याने ओळखले.

पुढचे काम त्याने क्रमाने केले. पुढच्या आणि मागच्या दिशेच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांच्या, कॉइल एकसारख्या होत्या, त्या त्याने आपसांत बदलल्या. दोष पुढच्याच दिशेला राहिला, म्हणजे कॉइल चांगली होती. मग इंजिन बंद ठेवून नुसती चावी चालू केली, कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने हलवला, तेव्हा दिवा विझला. केबिनच्या फरशीखाली एका पट्टीला घासून तारेचे आवरण फाटले होते आणि आतले तांब्याचे धागे तुटत आले होते. त्याने तार जोडली, तिच्यावर नळी चढवली आणि ती पट्टीपासून दूर बांधून टाकली. त्यानंतर तक्रार आलेली नाही.

याला मी निदान म्हणतो, आणि निदान करू शकणारी माणसे या व्यवसायात फार थोडी आहेत. सुटे भाग बदलणारे पुष्कळ आहेत, कारण बदललेल्या भागाचे बिल करता येते आणि विचार करण्यात घालवलेल्या दोन तासांचे बिल द्यायला मालक तयार नसतात. त्या कार्यशाळेने गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी दाबाचा गेज लावला असता, तरी पुढचे सगळे टळले असते. तेलाचा दाब सर्वच स्थितींत कमी असेल तर पंप, तुंबलेली गाळणी किंवा दाब नियंत्रित करणारी झडप यांच्याकडे पाहायचे. फक्त पुढच्या दिशेला कमी असेल तर त्या क्लचची सील, शाफ्टवरच्या रिंगा किंवा त्याची झडप यांच्याकडे पाहायचे. आणि दाब पूर्ण असूनही ओढ नसेल तरच प्लेटांविषयी बोलायचे. आपल्या गाडीत दाब पूर्ण असतानाच मध्ये एकदम शून्यावर जाताना दिसला असता, आणि घसरणाऱ्या प्लेटा तसे कधीच करत नाहीत.

आता आपल्या मनातल्या एका समजाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. लॅपटॉप बिघाड दाखवतो, असे आपण म्हणता. पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याकडे साइटवर चालणाऱ्या पुष्कळ बॅकहो लोडरमध्ये पुढे-मागे जाण्यासाठी दोन सोलेनॉइड आणि गिअर बदलण्यासाठी साधी दांडी असते. तेथे ट्रान्समिशनला, म्हणजे गिअरबॉक्सच्या यंत्रणेला, संगणकच नसतो, मग लॅपटॉप जोडायचा कशाला? ज्या मोठ्या लोडर, ग्रेडर आणि डंपरमध्ये तो असतो, तेथे कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, एवढेच सांगतो की अमुक सोलेनॉइडचा परिपथ तुटलेला आहे. तो कॉइलमध्ये, कनेक्टरमध्ये की वीस फुटांच्या तारेत कोठे तुटला, हे शोधायला माणूस लागतो. क्लच घसरत असल्याचा कोड आला, तर त्याचा अर्थ आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांचा मेळ बसत नाही इतकाच असतो, आणि त्याची कारणे कमी तेलापासून खराब झालेल्या सेन्सरपर्यंत कितीही असू शकतात. मी पाहिलेला सर्वांत चांगला फोरमन तेलाचा फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर उलगडून उन्हात ठेवत असे आणि खालून चुंबक फिरवत असे. सरकणारे कण पोलादाचे, म्हणजे गिअर किंवा बेअरिंगचे. न सरकणारे चकचकीत कण पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे, म्हणजे बुश, सिंक्रोनायझर किंवा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) यांच्याकडे पाहायचे. आणि काळा भुगा असला तर तो क्लचच्या अस्तराचा. तेल दुधाळ दिसले की त्यात पाणी शिरले आहे, मग कूलर तपासायचा. हे ज्ञान लॅपटॉपने निकामी केलेले नाही. लॅपटॉपवरचा आकडा खरा मानायचा की नाही, हे ठरवायला आता त्याची अधिकच गरज पडते.

‘मिस्त्री’ हा शब्द आपण ज्या सुरात वापरला आहे, त्याचे मला वाईट वाटले. गाडी साइटवर बंद पडली, कंत्राटदाराचे दहा फोन आले, ऑपरेटर आणि टिप्पर रिकामे उभे राहिले, म्हणजे आपण रात्री अकरा वाजता ज्याला आदराने ‘दादा’ म्हणून बोलावता, तो मिस्त्रीच असतो. त्याच्या कामावर आपले घर चालते आणि ते काम आपल्या मुलाने केले तर आपल्याला लाज वाटते. हे त्याला कळत नसेल, असे समजू नका. चुलत भावाशी रोज होणाऱ्या तुलनेविषयी तो माझ्याशी काहीच बोलला नाही. मी विषय काढल्यावर फक्त गप्प झाला.

म्हणून क्लासचे नाव मी सुचवणार नाही. ज्या मुलाचे मन त्या परीक्षेत नाही, त्याला वर्षभर परगावी खोलीत बसवून आपण पैसे घालवालच, पण त्याहून वाईट म्हणजे आज त्याच्यात असलेला आत्मविश्वासही घालवाल. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला यांत्रिकी किंवा ऑटोमोबाइल पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्याने तो घ्यावा. तो न मिळाल्यास आयटीआयचा डिझेल मेकॅनिक हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली यंत्रांच्या वितरकाकडे किंवा कारखान्यात उमेदवारी, हाही चांगला मार्ग आहे. तळेगाव आणि चाकण परिसरात बांधकाम यंत्रांचे मोठे कारखाने आहेत, आणि चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसा खाणींत डंपर व लोडर दुरुस्त करणारे स्वतंत्र विभाग असतात. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे दारही उघडे राहते, याची नोंद आपण घ्यावी, म्हणजे आपली भीती थोडी कमी होईल.

मुलात उणिवा नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे इंग्रजी वाचन कच्चे आहे, आणि यंत्रांच्या सेवापुस्तिका बहुतेक इंग्रजीतच असतात; विद्युत आकृती तो अंदाजाने वाचतो, आणि तारेच्या दोषापर्यंत अंदाज पुरला तरी ट्रान्समिशनच्या संगणकापुढे तो पुरणार नाही. पास्कलचा आणि ओहमचा नियम त्याने परीक्षेसाठी पाठ केले होते. गेजवरचा दाब कोठून येतो आणि मल्टिमीटरवरचा आकडा काय सांगतो, हे समजण्यासाठी तेच नियम त्याने पुन्हा शिकावेत. वर्षभर द्यायचेच असेल तर ते याला द्या.

आपल्याला एक विनंतीवजा सूचना आहे, आणि ती कडक वाटली तरी चालेल : त्याला घरच्या दोन गाड्यांचा फुकटचा दुरुस्तीवाला करून ठेवू नका. आपल्या यार्डात त्याला एकाच प्रकारची यंत्रे दिसतील आणि त्याची चूक दाखवणारा कोणी भेटणार नाही. स्टॉल टेस्टचेच पाहा. ब्रेक घट्ट धरून, गिअर टाकून, पूर्ण ॲक्सिलरेटरवर इंजिनाच्या फेऱ्या मोजायच्या असतात. फेऱ्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा जास्त आल्या तर क्लच घसरत असतो आणि कमी आल्या तर इंजिन अशक्त असते किंवा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोष असतो. चाचणी उपयोगी आहे. पण काही सेकंदांपेक्षा जास्त केली तर तेल प्रमाणाबाहेर तापते, आणि ब्रेकने दगा दिला तर गाडी समोरच्या माणसावर जाते. तिच्याविषयी विचारले असता त्याने ती मोबाइलवर पाहून एकदा एकट्यानेच केल्याचे सांगितले. अशी कामे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकायची असतात.

पदविकेच्या प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी त्याच्याकडून त्या दुपारचा वृत्तांत दोन पानांत लिहून घ्या : लक्षण काय होते, आधी काय तपासले, त्यावरून काय वगळले, शेवटी काय सापडले. उमेदवारीच्या मुलाखतीत ती पाने गुणपत्रिकेच्या वर ठेवायला त्याला सांगा. आणि ती वाचायला आपण त्याच्याजवळ बसाल, तेव्हा केबिनखाली शिरण्याआधी त्याने लोडरची बकेट जमिनीवर टेकवली होती का आणि चाकांना ठोकळे लावले होते का, हे त्याला विचारा, आणि त्याचे उत्तर मला कळवा.