नववीचे बीजगणित आणि ४९५

बीजगणित सुरू झाले की नववीची मुले मान टाकतात आणि खेळ किंवा व्हिडिओ दाखवले तरी त्यांचा परिणाम त्या तासापुरताच टिकतो, ही आपली अडचण मला परिचयाची आहे. माझ्या मते साधनांपेक्षा क्रम बदलावा : आधी कोडे द्यावे आणि अक्षरांची गरज मुलांनाच भासू द्यावी.

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक, म्हणजे चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येवर पुढे दिलेली वजाबाकीची कृती करत गेले की शेवटी येणारी संख्या, प्रसिद्ध आहे. परंतु त्याची सिद्धता एका तासात उरकत नाही, म्हणून मी तीन अंकी संख्या घेतो. तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या प्रत्येकाने निवडावी, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. ८३१ मधून १३८ गेले की ६९३, मग ९६३ मधून ३६९ गेले की ५९४, त्यानंतर ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. पुढे कितीही वेळा करा, ४९५च. (उत्तर ९९ आले तर ते ०९९ असे धरायचे, हे आधीच सांगावे.) ज्याचा हातचा चुकतो त्याला आपण सांगावेही लागत नाही, कारण प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ आणि कडेच्या अंकांची बेरीज ९ यायलाच हवी, हे मुले लवकरच हेरतात.

मग 'असे का?' एवढेच फळ्यावर लिहून गप्प बसावे. आम्हा शिक्षकांना हेच सर्वांत जड जाते. शेकडो संख्या तपासणे अशक्य आहे हे पटल्यावर कोणीतरी अंकांना अक्षरे देतेच. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क मानले तर

(१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क).

ब नाहीसा होतो, अ − क ची किंमत १ ते ९ एवढीच असू शकते, आणि तपासणी नऊ उत्तरांवर येते. ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ ही सर्वांत लांब साखळी. म्हणजे जास्तीत जास्त सहा वजाबाक्या.

गृहपाठाला दोन अंकी संख्या द्याव्यात. तेथे एक संख्या स्थिरावत नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. ते आधी फोडू नये. हा तास बहुपदींचे प्रकरण सुरू करण्याच्या आदल्या दिवशी घ्यावा, चाचणीच्या तोंडावर नव्हे.